बांधकाम प्रकल्पातील जोखीम

इमारत ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या खर्चात, अपेक्षित दर्जाची आणि कोणासही इजा न होता उभी राहणे, हे बांधकाम प्रकल्पाच्या यशाचे चार निकष मानले जातात. यांपैकी एखाद्या निकषास बाधा आणू शकेल अशा अनिश्चित घटनेस जोखीम म्हणतात. घटना घडण्याची संभाव्यता व ती घडल्यास होणारी हानी या दोहोंवरून जोखमीची तीव्रता ठरते. कारखान्यात एकच वस्तू छपराखाली पुनःपुन्हा तयार होते; इमारतीच्या बाबतीत मात्र जमीन, आराखडा, मजूर व हवामान प्रत्येक वेळी निराळे असल्यामुळे जोखीम अधिक असते.

जोखीम घटकांचे भूस्तरीय, नैसर्गिक, तांत्रिक, आर्थिक, करारविषयक व प्रशासकीय असे प्रकार करता येतात. ते क्वचितच एकेकटे परिणाम घडवितात. पायाच्या जागी अपेक्षेपेक्षा खोलवर खडक लागल्यास खर्च वाढतो. खोदकाम जूनपूर्वी संपत नाही. पावसाळ्यात काम रेंगाळते. पुढे विलंब भरून काढण्याच्या घाईत काँक्रीटवर पाणी मारण्याचे दिवस कमी केले जातात. अशा रीतीने जमिनीतील अनिश्चिततेचे पर्यवसान दर्जाच्या हानीत होते. ज्या कामांच्या साखळीवर प्रकल्पाची एकूण मुदत अवलंबून असते, तीतील कामास झालेला विलंब सर्व प्रकल्पास भोवतो. अन्य कामांना काहीशी सवड असते.

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील वाशी येथे हे घटक एकत्र आढळतात. १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन झाल्यावर नवी मुंबईचा हा भाग प्रथम विकसित झाला. खाडीकाठचा मऊ सागरी चिखल भाराखाली दीर्घकाळ खचत राहतो. म्हणून पुरेसे छिद्रण करून खडकाची पातळी आधी जाणून घेणे आवश्यक ठरते. खारी, दमट हवा हा दुसरा घटक होय. क्षार व ओलावा काँक्रीटमध्ये शिरून सळया गंजतात; गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने काँक्रीट तडकते व त्याचे पापुद्रे सुटतात [⟶ काँक्रीट]. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत समुद्रकिनाऱ्याच्या हवेस उघड्या असलेल्या प्रबलित काँक्रीटसाठी किमान एम ३० प्रत व सळयांवर ४५ मिमी. आवरण सांगितले आहे. आवरणात १०–१५ मिमी. ची कसूर झाल्यास ती ताबा घेताना डोळ्यांना दिसत नाही.

जोखमीचे मूल्यमापन करताना हीच अडचण येते. मुदत व खर्च ताबा देण्याच्या दिवशी मोजता येतात. दर्जाची खरी परीक्षा मात्र वीस-तीस वर्षांनी होते. वाशीतील सिडकोनिर्मित अनेक इमारतींत छताचे काँक्रीट व गिलावा कोसळू लागला आणि रहिवाशांना धोक्याच्या छायेत राहावे लागले. पुनर्विकासासाठी वाढीव चटई क्षेत्र निर्देशांकास शासनाची मान्यता मिळण्यास २०१५ साल उजाडले. तांत्रिक जोखमीत अशा रीतीने प्रशासकीय विलंबाची भर पडली आणि दोहोंचा भार बांधकामाच्या निर्णयांत सहभाग नसलेल्या कुटुंबांवर पडला.

जोखीम टाळणे, कमी करणे, दुसऱ्याकडे सोपविणे व स्वीकारणे हे व्यवस्थापनाचे चार मार्ग आहेत. ज्याला जी जोखीम सर्वांत चांगल्या प्रकारे आवरता येते त्याच्यावर ती सोपवावी, हे त्यामागील सूत्र होय. पुरेशी भूपरीक्षा न करता जमिनीची सर्व जोखीम कंत्राटदारावर लादल्यास तो दर फुगवितो किंवा दर्जात काटकसर करतो. २०२० मधील टाळेबंदीत मजूर गावी परतले, तेव्हा अनपेक्षित घटनांविषयीच्या करारकलमांचे महत्त्व स्पष्ट झाले.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताब्यापासून पाच वर्षांत आढळलेले संरचनात्मक दोष प्रवर्तकाने विनामूल्य दूर करावयाचे असतात. यामुळे आर्थिक जोखीम कमी होते. तथापि खाऱ्या हवेतील गंज बहुधा या मुदतीनंतर प्रकट होतो. त्यामुळे सळया झाकल्या जाण्यापूर्वी केलेली आवरणाची तपासणी आणि पुढे ठराविक काळाने होणारे संरचनात्मक परीक्षण हेच रहिवाशांचे खरे संरक्षण होय.