गुन्हेगार नाहीत म्हणता, मग हक्क का नाहीत?

कुंडलचे नाव निघाले की प्रतिसरकार आठवते. १९४३ ते १९४६ या काळात, हा मुलूख सातारा जिल्ह्यात असताना, क्रांतिसिंह नाना पाटील आणि कुंडलचे जी. डी. बापू लाड यांच्या साथीदारांनी गावोगावी लोकांचा कारभार उभा केला. त्या काळात इथे गांधी लग्ने लागली. हुंडा नाही, मानपान नाही, थाटमाट नाही. त्याआधी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाने भटाशिवाय लग्न लावून दाखवले होते. लग्नाची रीत आकाशातून पडत नाही, माणसेच ती घडवतात आणि बदलतात, हे या महाराष्ट्राला केव्हाच कळले आहे.

हे आज सांगण्याचे कारण म्हणजे समलिंगी माणसांबद्दल प्रतिगामी पुढाऱ्यांची बदलत गेलेली भाषा.

डिसेंबर १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरील 'फायर' चित्रपट दाखवला म्हणून शिवसैनिकांनी मुंबईत चित्रपटगृहे फोडली, आणि मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी त्यांची पाठ थोपटली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा जिवंत केले, तेव्हा भाजपचे अध्यक्ष राजनाथ सिंह यांनी समलिंगी संबंध अनैसर्गिक असल्याचे सांगून त्या कलमाला पाठिंबा दिला. २०१५ मध्ये शशी थरूर यांनी हे कलम बदलण्याचे विधेयक आणले, तर लोकसभेने ते मांडूसुद्धा दिले नाही. ७१ विरुद्ध २४.

मग वारे फिरले. २०१५ मध्येच अरुण जेटलींनी न्यायालयाने फेरविचार करावा असे म्हटले. २०१६ मध्ये संघाचे दत्तात्रेय होसबाळे यांनी हा गुन्हा नाही असे सांगितले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुस्ती जोडली की हे अनैतिक आहे, मानसिक बाब आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. त्या खटल्यात केंद्र सरकारने बाजू घेण्याचे टाळून निर्णय न्यायालयावर सोपवला होता. २०२३ च्या जानेवारीत तर मोहन भागवतांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन ही माणसे पूर्वीपासून आपल्यातच आहेत असे सांगितले.

वाचकहो, हे ऐकून टाळ्या वाजवण्याची घाई करू नका. दोनच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, हेच होसबाळे म्हणाले की विवाह हा संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषांतच होतो. केंद्र सरकारने न्यायालयात समलिंगी विवाहाला विरोध केला आणि ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे असे सांगितले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने हा प्रश्न संसदेकडे टोलवला. २०२४ मध्ये रेशनकार्ड आणि बँकेच्या संयुक्त खात्याबाबत सरकारने खुलासे काढले. सवलत मिळाली, हक्क नाही.

ही चाल आपल्या ओळखीची नाही काय? 'तुम्हीही आमचेच' असे म्हणायचे, पुराणातला दाखला द्यायचा, पाठीवर हात फिरवायचा आणि पंगतीला मात्र वेगळे बसवायचे. 'हरिजन' म्हणून गोंजारणाऱ्यांकडे बाबासाहेबांनी दया मागितली नाही, हक्क मागितला. दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क कोणाच्या मर्जीवर नसतो.

आणि शहरी उच्चभ्रू कोण? कुंडलहून सांगली काही परदेशात नाही. त्या सांगलीत पुरुष व तृतीयपंथी वेश्याव्यवसायी माणसांची 'मुस्कान' ही संघटना उभी राहिली. ती काय बंगल्यात राहणाऱ्यांनी काढली? यल्लम्माला सोडलेला जोगता आपल्या वस्तीतलाच असतो. परडीत पीठ टाकून लोक त्याच्या पाया पडतात आणि तो पुढे गेला की पाठीमागून हसतात. देव अंगात आला तर पूज्य, माणूस म्हणून जगू पाहिला तर विकृत! हाच तो मनुवाद.

पण बोट स्वतःकडेही वळवू. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हा गुन्हा ठरवला गेला होता. मुंबईत त्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी. विषय नाजूक म्हणून ते मागे हटले नाहीत. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण लोकांच्या खऱ्या प्रश्नांना उत्तर देणे हा गुन्हा कसा, हा त्यांचा सवाल अजून उभा आहे. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ ला पहिला धक्का दिला, तोही बाबासाहेबांच्या संविधानिक नैतिकतेचा आधार घेऊन. बहुमताला काय आवडते हे नव्हे, संविधान काय सांगते ते पाहा, हा त्याचा अर्थ.

आणि आपण? आपल्या सभांतून विरोधकाला 'बायल्या' म्हणून हिणवले की टाळ्या पडतात. आपल्याच वस्तीतला एखादा पोर या भीतीने घर सोडतो, एखाद्या पोरीचे जबरदस्तीने लग्न लावले जाते आणि कार्यकर्ता त्या लग्नात जेवून येतो. दलित असल्याचा एक बहिष्कार आणि घरातलाच दुसरा, असे दुहेरी ओझे ती लेकरे वाहतात.

बहिष्कृतांच्या चळवळीने आपल्या घरात नवे बहिष्कृत निर्माण करू नयेत. प्रतिगाम्यांची भाषा उद्या आणखी गोड होईल. त्यांना एकच विचारा: शब्द राहू द्या, कायदा केव्हा करता? आणि हे विचारण्याआधी आपल्या घराचे दार त्या पोरासाठी उघडे आहे ना, एवढे पाहून घ्या.

जय भीम!