वाया जाणारी वाफ कुणाच्या अंगावर येते?

सोलापूरची चादर आणि टॉवेल देशभर जातो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल या धंद्यावर पेटते. पण हा माल तयार होताना किती इंधन आणि किती वीज फुकट जाते, याची चर्चा आपल्या घरात होत नाही. तो मालकाचा प्रश्न, असे आपण समजतो. हा समज चुकीचा आहे.

सूत रंगवायला गरम पाणी आणि वाफ लागते. त्यासाठी भट्टीत लाकूड जळते. लाकूड ओले असले की त्यातले पाणी उडवण्यातच बरीच आच संपते, धूरही वाढतो. वाफेचा नळ उघडा असला, भट्टीचे दार सताड राहिले, की आच बाहेर पडते. ती जाते कुठे? समोर उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगावर! सोलापूरचा उन्हाळा तसाच ४० अंशांच्या वर. म्हणजे मालकाचा पैसा जातो आणि कामगाराची तब्येतही जाते.

उपाय फार अवघड नाहीत. लाकूड वाळवून वापरावे. नळांना उष्णता अडवणारे आच्छादन घालावे. नळ्यांतून फिरून वाफेचे जे स्वच्छ गरम पाणी होते, ते गटारात न सोडता परत बॉयलरला द्यावे. बॉयलरचे पाणी ६ अंशांनी जास्त गरम असले तर इंधनात साधारण १ टक्का बचत होते. ३० अंशांऐवजी ६० अंशांचे पाणी दिले, तर १०० किलो लाकडामागे सुमारे ५ किलो वाचते.

दिव्यांचेही तसेच. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसह सुमारे ५० वॅट खाते, एलईडी ट्यूब २० वॅट. १०० ट्यूब १२ तास जळल्या, तर रोज ३६ युनिट वाचतात.

१८ मे २०२५ रोजी याच वसाहतीत टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जणांचा जीव गेला. त्या आगीचे कारण शोधणे तपास यंत्रणेचे काम. परंतु तारेचा सैल जोड तापतो, वीज खातो आणि आगीचा धोका वाढवतो, एवढे प्रत्येक कामगाराने ध्यानात ठेवावे. जोड तापलेला दिसला, तर हात न लावता ताबडतोब मुकादमाला सांगावे.

केंद्राचा ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ साली स्थापन झाला आणि लहान उद्योगांच्या कार्यक्रमात त्याने सोलापूरचा कापडधंदाही घेतला. उपाय कागदावर आहेत. ते कारखान्यात यायला हवेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा विजेचा कारभारही त्यांच्याकडे होता. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग वाढणार नाहीत, आणि उद्योगांशिवाय गरिबी हटणार नाही, असे त्यांनी १९४३ साली मांडले. मुबलक विजेचा अर्थ उधळपट्टी नव्हे. वाचलेल्या पैशातून हवा खेळती ठेवणारा पंखा, प्यायला थंड पाणी आणि सुरक्षित वायरिंग मिळावे, अशी मागणी आपण करू शकतो. १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी आपल्या खात्यात एकच प्रश्न विचारू या: इथली वाफ कुठून गळते?