मासा घेण्याआधी तीन प्रश्न

शोभेच्या माशांचा धंदा करू पाहणाऱ्या गटांसाठी आज आपण ट्रिगरफिशची माहिती घेऊ. हा खाऱ्या पाण्यातला मासा. लक्षद्वीपच्या प्रवाळ बेटांभोवतीही तो सापडतो.

त्याच्या पाठीवरचा पहिला काटा उभा राहिला की दुसरा काटा अडसरासारखा त्याला धरून ठेवतो. दुसरा दाबला की पहिला बसतो, बंदुकीच्या घोड्यासारखा. त्यावरूनच हे नाव पडले.

मासा देखणा, पण दात दणकट. समुद्रात तो खेकडे, शिंपले फोडून खातो. टाकीतली कोळंबी आणि गोगलगायही सोडत नाही. ठिपक्यांचा क्लाऊन ट्रिगर अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो. घरातली टाकी त्याला पुरत नाही. निळ्या गळ्याचा ट्रिगर मुख्यतः पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातो, म्हणून तो त्यातल्या त्यात शांत.

टाकी सजवायला कोणी समुद्रातले दगडी प्रवाळ मागितले, तर सरळ नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ते काढणे आणि विकणे गुन्हा आहे.

आम्ही गटांना एवढेच सांगतो: कर्जाचे पैसे रंगावर भुलून घालू नका. आधी विचारा, हा मासा काय खातो, किती वाढतो, कोणासोबत नांदतो?