तीन मिलिमीटरांची धास्ती

मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीत पाऊस शेकड्यांनी मोजतात. २५ जुलै २०२४च्या सकाळी तिथल्या नोंदीत आदल्या चोवीस तासांचा आकडा होता ५५६ मिलिमीटर. तिथून पूर्वेला, हवाई अंतराने पन्नासेक किलोमीटरवर लोहगावची धावपट्टी. तिथे उतरणाऱ्या वैमानिकाला धास्ती असते ती फक्त तीन मिलिमीटरांची. पाणी त्याहून जास्त साचलं की धावपट्टी नुसती ‘ओली’ राहत नाही, हिशेबच नव्याने मांडावा लागतो.

नुसत्या ओल्या धावपट्टीचा हिशेब सोपा आहे. चाचणीत विमान कोरड्या धावपट्टीवर उतरवून अंतर मोजतात: जमिनीपासून ५० फूट उंचीवर असल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत. समजा, ते १,२०० मीटर भरलं. उड्डाणाआधी त्याला ०.६ने भागायचं, झाले २,०००. तिकडे पाऊस असेल तर वर १५ टक्के, म्हणजे २,३००. लोहगावची धावपट्टी २,५३५ मीटरची. जमलं!

कागदावर जमलं. पण १ जुलै २०१९च्या रात्री, धो धो पावसात, जयपूरहून आलेलं बोइंग ७३७ मुंबईची जवळपास साडेतीन किलोमीटरची मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे गवतात जाऊन रुतलं. प्रवासी सुखरूप राहिले, धावपट्टी मात्र काही दिवस बंद पडली. अशा घटनांची कारणं एकात एक गुंतलेली असतात. मला भुरळ पडते ती टायरखाली काय घडू शकतं याची.

वेग फार असला की टायरपुढच्या पाण्याला बाजूला सरायला सवडच मिळत नाही. त्याची पाचर टायरखाली शिरते आणि टायर चक्क उचलला जातो. मग ब्रेक कितीही दाबा! हे कोणत्या वेगाला घडतं, याचं सूत्र नासाच्या वॉल्टर हॉर्न यांच्या गटाने १९६०च्या दशकात दिलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं, पीएसआयमधलं, वर्गमूळ काढा, नऊने गुणा, वेग नॉटमध्ये मिळतो. यात विमानाचं वजन कुठेच नाही! वजन वाढलं की टायर तेवढा जास्त पसरतो, चौरस इंचावरचा भार साधारण तोच राहतो. बोइंग ७३७चा दाब २०० धरला तर उत्तर येतं ताशी सुमारे २३५ किलोमीटर. आणि हे विमान टेकतंच ताशी अडीचशेच्या आसपास. तुमच्या मोटारीचा दाब ३२ धरा: ताशी ९४. गुळगुळीत टायरांनी, भर पावसात, पौडकडे निघालेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

म्हणूनच पावसात वैमानिक विमान मुद्दाम जरा दणकून टेकवतो. अलगद उतरवण्याच्या नादात ते तरंगत राहिलं, तर दर सेकंदाला सत्तर मीटर धावपट्टी मागे पडते. दणक्याने टायर पाण्याचा थर फोडून खाली पोचतो, चाकं फिरू लागतात, पंखांवरचे स्पॉयलर उभे राहतात आणि विमानाचा भार चाकांवर येतो. नेमक्या त्याच क्षणी मागच्या रांगेतून एखादे काका पुटपुटतात, “नवशिका दिसतोय!”