सहावीच्या पुढचं गणित

"खाला, ये तो हमारा है!"

माझ्या हातातल्या हिंगाच्या डबीकडे बोट दाखवून ती म्हणाली, तेव्हा मला काही कळेना. गोष्ट २०१८ ची. आमच्या वरच्या खोलीत ती नुकतीच पेइंग गेस्ट म्हणून आली होती. वय एकोणीस, गाव काबूल, पुण्यातल्या एका कॉलेजात बी.बी.ए.ला प्रवेश. हिंगाच्या झाडाचा चीक अफगाणिस्तानातून आपल्याकडे येतो, इथे तो पिठात आणि गोंदात कालवून डबीत भरतात, हे मला चाळीस वर्षं फोडण्या देऊनही ठाऊक नव्हतं. गंमत म्हणजे तिच्या घरी फोडणीत हिंग घालतच नाहीत. "तुम्ही तो कसा काय खाता?" असं म्हणून ती नाक दाबायची.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आई-वडील आणि धाकटी बहीण अजून काबूललाच आहेत, म्हणून तिनेच तसं सांगितलंय. 'खाला' म्हणजे त्यांच्या दारी भाषेत मावशी. आठवड्याभरात मी तिची मावशी झाले.

खरं सांगायचं तर आधी मी बिचकलेच होते. सोसायटीतल्या दोघी-तिघींनी "अफगाणी? पोलिसांत कळवलंत ना?" असं विचारलंही. ह्यांनी ते सगळं रीतसर केलं. पण अफगाणिस्तान म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तरी काय यायचं? टागोरांचा काबुलीवाला, 'खुदा गवाह'मधला अमिताभ, टीव्हीवरचे ते निळे बुरखे. आणि पानिपत, ते तर आपल्या भाषेतच जाऊन बसलंय. एकदा ह्यांच्या पुस्तकात अब्दालीचं चित्र पाहून ती आनंदाने ओरडली, "अरे, हे तर आमचे अहमदशाह बाबा!" १७४७ मध्ये त्यांचं राज्य उभं करणारा राष्ट्रपिता तो, कंदाहारला त्याची कबर आहे. ह्यांनी पुस्तक मिटलं आणि "चहा टाका" म्हणाले. १७६१ सालावर आमच्या घरात झालेली ही एवढीच चर्चा.

हिंदी तिला फर्डं यायचं. कुठे शिकलीस, तर म्हणे 'तुलसी'कडे! 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही आपली मालिका तिच्या लहानपणी काबूलच्या टोलो टीव्हीवर दारी भाषेत लागायची. ती लागली की रस्ते ओस पडायचे. २००८ मध्ये तिथल्या सरकारने या हिंदी मालिकांवर बंदी घालायचा हुकूम काढला. त्याआधीच मिहिर, बा आणि तुलसी त्यांच्या घरातली माणसं होऊन बसली होती. मग हिने मूळ हिंदीतले सिनेमे पाहायला सुरुवात केली.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती घरी जाऊ शकली नाही. आमच्याबरोबर लसूण सोलत, गव्हले वळत बसायची. तेव्हा तिने मला तिच्या घरातल्या बायकांबद्दल सांगितलं, आणि मला टीव्हीने कधी न दाखवलेला एक देश कळला.

सुरुवात आजीपासून. आजी काबूलमध्ये शाळेत शिक्षिका होती. त्या देशात मुलींची शाळा निघाली तीच मुळी १९२१ मध्ये, अमानुल्ला राजा आणि सुरय्या राणीच्या काळात. राजाने १९२८ मध्ये काही मुली शिकायला तुर्कस्तानलाही पाठवल्या. पण सुधारणांची घाई लोकांना सोसली नाही, बंड झालं, १९२९ मध्ये राजा गेला आणि शाळांना कुलपं लागली. पुढे ती हळूहळू निघाली. १९५९ मध्ये आजी पंधरा वर्षांची होती. त्या वर्षी स्वातंत्र्याच्या सोहळ्यात राजघराण्यातल्या आणि मंत्र्यांच्या बायका उघड्या चेहऱ्याने लोकांसमोर आल्या. चादरी, म्हणजे आपण ज्याला अफगाणी बुरखा म्हणतो तो, घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. आजीने काढला, तिच्या आईने नाही काढला. दोघी एकाच टांग्यातून बाजारात जायच्या म्हणे. १९६४ ची राज्यघटना आली, बायकांना मत मिळालं, १९६५ च्या निवडणुकीत चार बायका संसदेत गेल्या.

"म्हणजे ते व्हॉट्सॲपवर फिरतात ते फोटो खरे आहेत तर," मी म्हटलं. तुम्हीही पाहिले असतील, सत्तरच्या दशकातल्या काबूलच्या, गुडघ्यापर्यंत स्कर्ट घातलेल्या मुलींचे. मला वाटलं, ती खूश होईल. ती म्हणाली, "खरे आहेत. पण खाला, काबूल म्हणजे अफगाणिस्तान नाही. आजीच्या गावाकडच्या चुलत बहिणींनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यांचे फोटो कुणी काढले?"

मी गप्प बसले. पुणे म्हणजे महाराष्ट्र नाही, हे मी तरी कुठे रोज लक्षात ठेवते?

१९७३ मध्ये राजाच्याच चुलतभावाने, दाऊद खानने, सत्ता घेतली. १९७८ च्या एप्रिलमध्ये कम्युनिस्टांनी त्याला कुटुंबासकट मारलं. आता या नव्या सरकारने काय केलं पाहा. मुलींच्या लग्नाचं वय सोळा केलं, मेहेरची रक्कम तीनशे अफगाणींवर आणून ठेवली, खेड्यापाड्यांत साक्षरतेचे वर्ग सुरू केले. कागदावर वाचलं तर आपण टाळ्याच वाजवू. पण वर्गाला या, नाहीतर बंदूक, अशी रीत होती. जे विरोध करतील ते आणि नुसता संशय आला तेही तुरुंगात. आजोबा त्याच वर्षी गेले. एका संध्याकाळी जीप आली, दोन प्रश्न विचारायचेत म्हणाले आणि घेऊन गेले. आजी पुल-ए-चरखी तुरुंगाच्या दारात धुतलेले कपडे घेऊन जायची. पहारेकरी गाठोडं ठेवून घ्यायचे. माणूस जिवंत असल्याची तेवढीच खूण.

त्यानंतर ३५ वर्षं काही नाही. २०१३ मध्ये हॉलंडच्या सरकारी वकिलांनी १९७८-७९ मध्ये मारलेल्या जवळजवळ पाच हजार माणसांची यादी प्रसिद्ध केली. त्यात आजोबांचं नाव होतं. सरकारने दोन दिवसांचा दुखवटा पाळला, घरोघरी फातेहा झाला. हिच्या घरीही झाला. आजी मात्र तोवर राहिली नव्हती. इतकी वर्षं ती स्वतःला विधवा म्हणवून घेत नव्हती, हे सांगताना हिचा सोललेला लसूण हातातच राहिला.

१९७९ च्या डिसेंबरात रशियन फौजा आल्या. काबूलच्या शाळकरी मुली १९८० मध्ये त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या, हे तुमच्या-माझ्यापैकी किती जणींना माहीत आहे? एकीकडे अमेरिका, पाकिस्तान आणि सौदीच्या पैशांवर लढणारे मुजाहिदीन, दुसरीकडे रशियन हेलिकॉप्टरं. खेडी बेचिराख झाली, पन्नास लाखांहून अधिक माणसं पाकिस्तान-इराणात गेली. मात्र काबूल शहरात मुली शिकत होत्या, नोकऱ्या करत होत्या. हिची आई त्यातलीच. १९८९ मध्ये रशियन परतले, १९९२ मध्ये नजीबुल्लांचं सरकार पडलं, तेव्हा आई विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती.

आणि मग ज्यांनी रशियनांना घालवलं तेच आपापसांत भिडले. काबूलवर रॉकेटं पडायला लागली. विद्यापीठाच्या आवारातच दोन टोळ्यांच्या तोफा समोरासमोर. आईचं शिक्षण तिथे संपलं ते संपलंच. १९९३ मध्ये आजी आणि आई नेसत्या कपड्यांनिशी पेशावरला पोचल्या. तालिबान काबूलमध्ये आले १९९६ मध्ये. म्हणजे आईची शाळा तालिबानने बंद केली नाही, ती त्यांच्या आधीच्या 'वीरां'नी केली. हे मला अगदी नवीन होतं. मी तर समजत होते, वाईट ते सगळं तालिबान आणि त्यांच्या आधीचं सगळं बरं.

पहिल्या तालिबानचा काळ आपण टीव्हीवर पाहिला: मुलींची शाळा नाही, बायकांची नोकरी नाही, पुरुषाशिवाय घराबाहेर पाऊल नाही. पण हेरात शहरात बायका शिवणक्लासच्या नावाखाली जमून साहित्य शिकत होत्या, आणि गावोगाव घरांच्या मागच्या खोल्यांत चोरून शाळा चालत होत्या, हे मला हिच्याकडून कळलं.

२००१ च्या नोव्हेंबरात काबूल पडलं तेव्हा मी शाळेत गणित शिकवत होते. स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकींना पेढे द्यायचेच काय ते बाकी ठेवले होते. 'बायका सुटल्या!' हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मीही सुटले, खाला. मी खोटं नाही बोलणार." २००३ मध्ये ते काबूलला परतले, ती शाळेत गेली, आईला सरकारी कचेरीत नोकरी लागली. २००१ मध्ये शाळेत जवळजवळ एकही मुलगी नव्हती, २०१८ पर्यंत प्राथमिक शाळांतच सुमारे २५ लाख मुली होत्या. संसदेच्या खालच्या सभागृहात एक चतुर्थांशाहून जास्त जागा बायकांना. आपल्याकडे तेव्हा महिला आरक्षण विधेयक फाडाफाडीतच अडकलं होतं, हे आठवून पाहा. पण ज्यांनी आईचं विद्यापीठ तोफांनी फोडलं, त्यांतलेच काही नव्या सरकारात मानाच्या खुर्च्यांवर होते. आणि दक्षिणेकडच्या खेड्यांत रात्री अमेरिकन सैनिक दारं फोडायचे, आकाशातून बॉम्ब पडायचे. त्या वीस वर्षांत चाळीस हजारांहून अधिक साधी माणसं मेली. तिथल्या बाईला 'बायका सुटल्या' म्हणून सांगायला गेलो असतो तर तिने काय म्हटलं असतं?

माझं आपलं साधं मत झालंय. राजा आला, बुरखा निघाला. कम्युनिस्ट आले, वर्ग सक्तीचे झाले. तालिबान आले, वर्ग बंद झाले. अमेरिकन आले, फोटोत पुन्हा मुलींच्या शाळा. जो आला त्याने आपला झेंडा म्हणून बाईलाच पुढे केलं आणि जाताना तिला तिथेच टाकून गेला. आजीला विचारून कुणी काही केलं नाही, आईलाही नाही.

१५ ऑगस्ट २०२१, रविवार. सकाळी सोसायटीत झेंडावंदन झालं, तीही खाली आली होती, सगळ्यांना जिलेबी वाटली. संध्याकाळी टीव्हीवर काबूल. ती जमिनीवर बसून राहिली होती. रात्रभर फोन लावत होती, लागत नव्हता. त्याच महिन्यात आपल्या सरकारने अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले. सुट्टीला म्हणून घरी गेलेली तिची मैत्रीण तिकडेच अडकली. तिची वह्यापुस्तकं अजून आमच्या माळ्यावर आहेत.

धाकटी बहीण तेव्हा बारा वर्षांची, सहावीत. २३ मार्च २०२२ ला मोठ्या मुलींच्या शाळा उघडणार असं जाहीर झालं. काळा झगा, पांढरा रुमाल, नवं दप्तर घेऊन ती सातवीच्या वर्गात जाऊन बसली आणि काही तासांत घरी परत आली. त्या डिसेंबरात विद्यापीठं बंद झाली. २०२४ च्या डिसेंबरात नर्सिंगचे आणि सुइणींचे अभ्यासक्रमही बंद झाले. पुरुष डॉक्टरला बाई दाखवायची पंचाईत, आणि बाई डॉक्टर होऊ द्यायची नाही. बाळंतिणीने काय करायचं? आईलाही "घरी बसा" सांगितलं आहे, पगार नावापुरता.

गेल्या वर्षी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले. पहिल्या पत्रकार परिषदेत एकही बाई पत्रकार नव्हती. आपल्याच राजधानीत! ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी घेतली, त्यात बायका पहिल्या रांगेत. ते पाहून ही म्हणाली, "बघ खाला, ओरडलं की इथे खुर्ची मिळते."

ती अजून आमच्याकडेच आहे. बी.बी.ए. झालं, एम.बी.ए. झालं, आता पीएच.डी.ला नाव घातलंय. अभ्यासाची आवड आहेच, पण शिकत नसेल तर राहायचा परवाना नाही आणि परत जायला वाट नाही, हेही आहे. मी कधी तिला "थिसिस कुठवर आला?" असं घाईने विचारत नाही.

२०२३ पासून आठवड्यातून तीनदा दुपारी मी धाकटीला फोनवर गणित शिकवते. निवृत्त झाल्यावर खडू सुटला असं वाटलं होतं. काबूलचं घड्याळ आपल्या तासभर मागे, त्यात वीज नसते, नेट अडखळतं. माझं हिंदी आणि तिचं 'सिनेमावालं' हिंदी, अडलं की थोरली मध्ये पडते. आकडे त्यांचे वेगळे, त्यांचा पाच पत्त्यांतल्या उलट्या बदामासारखा दिसतो. पण समीकरण आपल्यासारखंच डावीकडून उजवीकडे जातं. सातवीचं, आठवीचं झालं, मागच्या वर्षी आम्ही वर्गसमीकरणावर आलो.

२०२५ च्या सप्टेंबरअखेर सगळ्या देशाचं इंटरनेट दोन दिवस तोडलं होतं. आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. थोरली जेवली नाही. तिसऱ्या दिवशी फोन वाजला, ते वहीच्या पानाचे फोटो होते. वीज नव्हती तरी तिने दिवसाच्या उजेडात चौदा गणितं सोडवून ठेवली होती.

तेरा बरोबर होती. नवव्यात उणे चिन्ह सुटलं होतं. मी लाल गोल करून पाठवला.