वजन उतरले, पण गर्भधारणेची घाई नको

लठ्ठपणात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. त्यामुळे रक्तातील इन्सुलिन वाढते, अंडाशयात पुरुषी हार्मोन्स जास्त तयार होतात आणि स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही. पाळी लांबते, दिवस राहत नाहीत. 'पीसीओएस' असलेल्या अनेक स्त्रियांची हीच तक्रार असते.

आहार, व्यायाम आणि औषधांनी वजन उतरत नसेल तर बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेचा विचार होतो. यात जठर लहान केले जाते. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून पुढे जाते. 'पीसीओएस' आणि लठ्ठपणा असलेल्या ८० स्त्रियांचा ब्रिटनमधील अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षभरात त्यांच्यात आपोआप स्त्रीबीज बाहेर पडण्याचे प्रमाण औषधोपचारांच्या तुलनेत अडीच पट होते.

धोका इथेच आहे. वर्षानुवर्षे दिवस न राहिलेली स्त्री गर्भनिरोधनाचा विचारच करत नाही आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत अचानक दिवस राहतात. त्या काळात वजन झपाट्याने उतरत असते, खाणे बेताचे असते. म्हणून साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या पूर्णपणे शोषल्या जातीलच असे नाही. तांबी अधिक भरवशाची.

स्वीडनमधील २०१५ च्या अभ्यासात दोन्ही बाजू दिसल्या. शस्त्रक्रिया झालेल्या मातांमध्ये गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण १.९ टक्के होते, तर शस्त्रक्रियेपूर्वी तेवढेच वजन असलेल्यांइतक्या लठ्ठ मातांमध्ये ६.८ टक्के. मात्र वाढ कमी असलेली बाळे १५.६ टक्के होती. दुसऱ्या गटात ७.६ टक्के.

म्हणून गर्भधारणेपूर्वीच हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधी सुरू करावे, कॅल्शियम आणि प्रथिने चुकवू नयेत.

नाव नोंदवतानाच शस्त्रक्रियेची माहिती द्यावी. ग्लुकोजचे पाणी पिऊन केलेल्या तपासणीत बायपास झालेल्यांना घाम, धडधड, चक्कर येऊ शकते. त्याऐवजी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरने साखर मोजता येते. गर्भारपणात पोटात जोरात दुखले तर 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणून अंगावर काढू नये. बायपासनंतर आतडे आत अडकण्याची शक्यता असते आणि तेव्हा रुग्णालय त्याच दिवशी गाठावे लागते.