खडीच्या वाटेवरची सायकल

जाड टायर, सरळ हँडल व धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा, हीं डोंगरी सायकलीचीं लक्षणें आतां सर्वपरिचित आहेत. परंतु अलीकडे अमेरिकेंत व युरोपांत तिच्या शेजारीं खडीच्या रस्त्यावर चालणाऱ्या 'ग्रॅव्हल' सायकलीनें आपलें आसन मांडलें आहे. या आवडीचें रहस्य सायकलीपेक्षां रस्त्यांत शोधावें लागतें.

डोंगरी सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियांतील टॅमलपाइस डोंगराच्या परिसरांत झाला. १९७६ सालीं तेथील कांहीं तरुणांनीं जुन्या, जाड टायरांच्या सायकलींवरून एका कच्च्या उतारावर शर्यती आरंभिल्या. उतार इतका तीव्र कीं, मागील चाकाच्या ब्रेकमधील वंगण तापून जळून जाई आणि तें पुनः भरावें लागे. म्हणून शर्यतीला त्याच अर्थाचें 'रीपॅक' हें नांव पडलें. पुढें स्प्रिंगा वाढल्या, टायर रुंदावले. सायकल डोंगरावर समर्थ झाली; सपाट रस्त्यावर मात्र जड वाटूं लागली.

ग्रॅव्हल सायकलीची कीर्ति वाढली ती कॅन्सस राज्यांतील एम्पोरिया गांवाभोंवतीं. तेथील गवताळ टेंकड्यांतून मैलोगणती खडीचे रस्ते जातात. २००६ सालीं तेथें ३४ सायकलस्वारांनीं २०० मैलांची शर्यत आरंभिली. आज तींत हजारों जण भाग घेतात. २०२२ सालीं इटलींत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

या सायकलीचें हँडल खालीं वळलेलें असतें. त्यामुळें स्वाराला वाऱ्याविरुद्ध वांकतां येतें व लांबच्या प्रवासांत हातांची ठेवण बदलतां येते. टायर बहुधा ४० ते ५० मिलिमीटर रुंद. पूर्वीचे ब्रेक चाकाची कड दोन्ही बाजूंनीं दाबीत. त्यांच्या चिमट्यांत रुंद टायर मावत नसे. ब्रेकची तबकडी चाकाच्या मध्यभागीं आली आणि ही अडचण सरली. आंतली ट्यूब काढून टायरमध्यें चिकट द्रव घातल्यानें बारीक छिद्रें आपोआप बुजतात. हवा कमी ठेवली कीं, टायरच खडीचे धक्के सोसतो; स्प्रिंगेचा भार वाहावा लागत नाहीं.

परंतु खरें कारण याहून निकटचें आहे. डांबरी रस्त्यावर मोटारींच्या वर्दळीनें सायकलस्वाराचा जीव मुठींत येतो; आणि डोंगर गांठावयाचा तर पुष्कळदां सायकलच मोटारीवर लादून न्यावी लागते. ग्रॅव्हल सायकल घराच्या दारापासून निघते, थोडी डांबरी सडक ओलांडते आणि शेतांमधल्या निवांत वाटेला लागते. खडकाळ, उभ्या उतारावर ती दुबळी ठरते. तेथें डोंगरी सायकलीचाच अधिकार. पण डोंगर सर्वांच्या दाराशीं नसतो. कच्ची वाट बहुतेकांच्या गांवाबाहेर असते. सायकल निवडणाऱ्यानें आपल्या हौशीपूर्वीं आपली नित्याची वाट पाहावी, हेंच उत्तम.